पायथनमधील ‘अपर’: छापखान्यातील वापरानंतरचे परीक्षण

पुण्यात अप्पा बळवंत चौकालगतच्या एका बोळात आमचा छोटा छापखाना आहे. शाळा-महाविद्यालयांची प्रमाणपत्रे, ओळखपत्रे, संस्थांच्या सभासदयाद्या, उत्पादनांची माहितीपत्रके आणि पत्त्यांची लेबले ही आमची नेहमीची कामे. ग्राहकाची माहिती कधी एक्सेलच्या तक्त्यात येते, कधी पीडीएफमध्ये, तर कधी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशात, आणि ती छपाईयोग्य करून देण्याचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. त्यात रोज एकदा तरी करावी लागणारी गोष्ट म्हणजे इंग्रजी मजकूर सगळाच्या सगळा कॅपिटल अक्षरांत बदलणे, कारण प्रमाणपत्रावरचे नाव, ओळखपत्रावरचा मथळा आणि परदेशी टपालावरचे देशाचे नाव बहुतेकांना कॅपिटलमध्येच हवे असते. पाचवीत इंग्रजी सुरू झालेल्या आमच्या पिढीने शाळेत जिला ‘पहिली लिपी’ म्हटले, तीच ही अक्षरे. या कामासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘अपर’ ही सोय वापरते. पायथनला पैसे पडत नाहीत, ती साध्या संगणकावर चालते आणि ‘अपर’साठी वेगळे काहीही बसवावे लागत नाही. तरीही तिच्या वापरात एकदा आमचे प्रत्यक्ष नुकसान झाले आणि दुसऱ्यांदा ते थोडक्यात टळले, म्हणून हे परीक्षण तपशिलात लिहीत आहे.

वापर सोपा आहे. मजकूर ज्या नावाखाली ठेवला असेल त्या नावापुढे टिंब द्यायचे, ‘अपर’ लिहायचे आणि कंस उघडून लगेच बंद करायचा. कंसात काहीही द्यावे लागत नाही. उत्तरादाखल कॅपिटल अक्षरांतला नवा मजकूर हाती येतो. पायथनमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, बदलता येत नाही, त्यामुळे मूळ मजकूर होता तसाच राहतो, आणि हाती आलेला नवा मजकूर आपण कुठल्या तरी नावाखाली साठवला नाही तर तो वाया जातो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची पहिल्या आठवड्यातली चूक हीच असते: ओळ बरोबर लिहिलेली असते, चूक दाखवणारा संदेश येत नाही, पण छापून मात्र स्मॉल अक्षरे येतात. असे असले तरी ही रचना मला गैरसोयीची वाटत नाही. ग्राहकाने जे दिले ते शेवटपर्यंत अबाधित राहणे ही छापखान्याच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे, आणि पुढे सांगणार आहे त्या प्रसंगी याच गोष्टीने आम्हाला सावरले.

तक्त्यातला एखादा रकाना रिकामा असेल तर मात्र काम अडते. रिकाम्या जागी मजकूर नसतो, तिथे ‘अपर’ लावायला गेले की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. पांडाज हे तक्ते हाताळणारे साधन वापरले तर त्यातील ‘अपर’ रिकाम्या जागा बाजूला ठेवून पुढे जाते, म्हणून मोठ्या याद्यांसाठी मी तेच वापरते. वेगाबद्दल काही लिहिण्याची गरज नाही. लाखभर नावांची यादीही पापणी लवते तोवर तयार होते.

कॅपिटल आणि स्मॉल यांचा संबंध संगणकात कसा ठेवलेला आहे हे माहीत असल्याशिवाय या सोयीचे गुणदोष नीट कळत नाहीत. आस्की ही अक्षरांना क्रमांक देणारी सांकेतिक पद्धत १९६३ साली प्रमाण म्हणून आली तेव्हा तिच्यात स्मॉल अक्षरे नव्हतीच. ती १९६७ च्या सुधारित आवृत्तीत आली. कॅपिटल ए या अक्षराचा क्रमांक ६५ आणि स्मॉल ए चा ९७. पुढच्या प्रत्येक जोडीत हेच ३२ चे अंतर आहे, आणि द्विमान पद्धतीत ३२ चा फरक म्हणजे केवळ एका बिटाचा फरक. जुने प्रोग्रॅम त्यामुळे क्रमांकातून सरळ ३२ वजा करून मोकळे होत. पायथनची तिसरी पिढी, जी २००८ च्या डिसेंबरमध्ये आली, तसे करत नाही. तिच्यातला सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे निरनिराळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असतो आणि प्रत्येक अक्षराचे कॅपिटल रूप कोणते, हे युनिकोडच्या कोष्टकात पाहून ठरवले जाते. म्हणूनच ती इंग्रजीइतक्याच सहजपणे ग्रीक, रशियन आणि जर्मन मजकूर हाताळते.

‘अपर’ हा शब्द छापखान्यातूनच संगणकात गेलेला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. युरोपातले जुळारी शिशाचे खिळे दोन केसमध्ये, म्हणजे घरे पाडलेल्या खोक्यांत, ठेवत. कॅपिटल अक्षरे वरच्या केसमध्ये आणि स्मॉल अक्षरे खालच्या. देवनागरीच्या केसमध्ये काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांसाठी कितीतरी अधिक घरे लागत, पण वरची अक्षरे आणि खालची अक्षरे असा भेद तिथे नव्हता. १८८१ साली पुण्यातून ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत निघू लागले, तेव्हा या एकाच गावात दोन्ही प्रकारची जुळणी शेजारी शेजारी चालू झाली असणार. आज माझ्या पडद्यावर मराठी आणि इंग्रजी नावांचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि अडचणी नेमक्या त्या सीमेवरच येतात.

मराठी मजकुरावर ‘अपर’ काय करते? युनिकोडमधला मराठी मजकूर असेल तर काहीच करत नाही, आणि तेच योग्य आहे. देवनागरीला लहानमोठी लिपी नाही. त्यामुळे मजकूर दिला तसा परत येतो. काना-मात्रा हलत नाहीत, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य मोडत नाही, जोडाक्षरांसाठी घातलेले अदृश्य जोडचिन्ह गळून पडत नाही आणि मराठी अंकही जसेच्या तसे राहतात. ‘सदाशिव पेठ’ हे शब्द देवनागरीत आणि पत्त्याचा उर्वरित भाग रोमनमध्ये असला, तर फक्त रोमन भाग कॅपिटल होतो. मिश्र मजकुराची इतकी स्वच्छ हाताळणी मला हवीच होती, आणि या बाबतीत चार वर्षांत तिने मला एकदाही दगा दिलेला नाही.

तिच्या जोडीला असलेल्या तपासणीच्या सोयींबाबत मात्र जपून राहावे लागते. मजकूर कॅपिटल आहे का, हे विचारणारी ‘इजअपर’ ही सोय मराठी शब्दाला ‘नाही’ असे उत्तर देते. सगळ्या नोंदी कॅपिटल झाल्या की नाहीत हे तपासण्यासाठी मी सुरुवातीला ती वापरली आणि अख्खा मराठी रकाना चुकीचा म्हणून बाजूला पडला. पायथनच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे की, ज्या अक्षरांना लहानमोठे रूपच नाही अशा मजकुरावर ‘अपर’ चालवल्यानंतरही ‘इजअपर’ नकार देऊ शकते. मी ते आधी वाचले नव्हते. त्याहून त्रासदायक आहे ती ‘इजअल्फा’. मजकुरात केवळ अक्षरे आहेत का, असे तिला विचारले तर ‘कमल’ या शब्दाला ती ‘होय’ म्हणते आणि ‘मराठी’ या शब्दाला ‘नाही’ म्हणते. काना आणि वेलांटी यांना युनिकोडने अक्षर न मानता जोडचिन्ह मानले आहे, हे त्याचे कारण. कारण समजले तरी माझी तक्रार कायम आहे. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरे असावीत अशी अट कोणी या सोयीच्या भरवशावर घातली, तर काना-मात्रा असलेले प्रत्येक मराठी नाव नाकारले जाईल, आणि काना-मात्रा नसलेली मराठी नावे असतात तरी किती?

आता नुकसानीचा प्रसंग. एका संस्थेच्या सभासदांची प्रमाणपत्रे करायची होती. यादीत एक रकाना इंग्रजी नावांचा आणि दुसरा मराठी नावांचा होता. मराठीवर ‘अपर’चा परिणाम होत नाही हे मला ठाऊक असल्यामुळे मी रकाने वेगळे न करता ती सगळ्या तक्त्यावर चालवली, पहिले पान पडद्यावर तपासले, सगळे ठीक दिसले आणि काम यंत्रावर गेले. दोनशे प्रमाणपत्रांपैकी शेवटच्या साठांवर मराठी नावांच्या जागी निरर्थक अक्षरांचे पुंजके उमटले. यादी दोघांनी टाइप केलेली होती. पहिल्याने युनिकोडमध्ये आणि दुसऱ्याने एका जुन्या डीटीपी फाँटमध्ये. पुन्हा छपाईचा खर्च आम्ही सोसला, आणि तो आम्हीच सोसणे योग्य होते.

जे घडले त्याचे कारण पुण्यातल्या प्रत्येक छापखान्याने समजून घ्यावे असे आहे, कारण आपल्या सगळ्यांच्या कपाटांत आणि संगणकांत अशा जुन्या फाइली भरलेल्या आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वीचे बहुतेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीच्या आकृत्या बसवून तयार केलेले होते. पडद्यावर मराठी दिसत असले तरी साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरेच. कृतीदेव या फाँटात ‘राम’ हा शब्द स्मॉल जे, के आणि ई या तीन अक्षरांनी उमटतो. ‘अपर’ला त्यांच्यात राम दिसत नाही, तिला तीन स्मॉल अक्षरे दिसतात आणि ती इमानेइतबारे त्यांची कॅपिटल करते. त्याच फाँटात कॅपिटल जे म्हणजे श्र, कॅपिटल के म्हणजे ज्ञ आणि कॅपिटल ई म्हणजे म्. ‘राम’चा ‘श्रज्ञम्’ होतो तो असा. हा बदल उलटवताही येत नाही. पुन्हा सगळे स्मॉल करावे म्हटले, तर मुळात कॅपिटल असलेली अक्षरेही स्मॉल होतात आणि दुसराच गोंधळ तयार होतो. कोणते अक्षर आधी कसे होते, ही माहिती कायमची गेलेली असते. ग्राहकाची मूळ फाइल शाबूत होती, एवढ्यामुळेच आम्ही चोवीस तासांत काम नव्याने देऊ शकलो.

त्या दिवसापासून मी ‘अपर’ चालवण्याआधी एक चाळणी लावते. देवनागरीला युनिकोडमध्ये सलग १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे. जो रकाना मराठीचा म्हणून आलेला आहे त्यातल्या एखाद्या नोंदीत या पट्ट्यातले एकही अक्षर सापडले नाही, तर ती नोंद जुन्या फाँटातली आहे असे समजून प्रोग्रॅम थांबतो. दोष ‘अपर’चा नव्हता. तरीही ‘मराठीवर ती काही करत नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि राहिलेल्या अर्ध्याची आम्हाला किंमत मोजावी लागली.

दुसरा प्रसंग याहून गंभीर ठरला असता. पोषक पूरक उत्पादनांच्या एका माहितीपत्रकात घटकांचा तक्ता होता आणि मांडणी करणाऱ्याला संपूर्ण तक्ता कॅपिटलमध्ये हवा होता. जीवनसत्त्वांची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये दिलेली होती. म्हणजे आकड्यापुढे मायक्रोचे चिन्ह, जे ग्रीक लिपीतल्या स्मॉल म्यू या अक्षरासारखे दिसते, आणि त्यापुढे स्मॉल जी. ‘अपर’ने या चिन्हाचे कॅपिटल रूप केले. ग्रीक कॅपिटल म्यू ही आकृती इंग्रजी कॅपिटल एमपासून डोळ्यांना वेगळी काढताच येत नाही. परिणामी तक्त्यात मायक्रोग्रॅमच्या जागी एम आणि जी ही दोन कॅपिटल अक्षरे आली, आणि ती कोणीही मिलिग्रॅम म्हणूनच वाचली असती. एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम असतात.

ही चूक पकडली ती आमच्या मुद्रितशोधक काकांनी. सत्तरी ओलांडलेल्या काकांना पायथन म्हणजे काय हे सांगूनही फारसा उपयोग नाही, पण प्रूफ मूळ प्रतीशी ओळीने ताडून पाहण्याची त्यांची सवय खिळ्यांच्या काळापासूनची आहे. “ताई, इथे मूळ प्रतीत शेपूटवाला यू आहे, तो तुमच्या यंत्राने कुठे टाकला?” असे त्यांनी विचारले तेव्हा मला घाम फुटला. नुसत्या प्रूफवर नजर टाकून ही चूक कोणालाही सापडली नसती, कारण छापलेला मजकूर दिसायला निर्दोष होता. थायरॉइडच्या गोळ्यांची मात्रा २५, ५०, १०० मायक्रोग्रॅम अशी असते. तसल्या मजकुरावर हा बदल झाला तर त्याचा अर्थ काय होईल हे वेगळे सांगायला नको. औषधांच्या सुरक्षिततेविषयी काम करणारे लोक मायक्रोचे चिन्ह टाळून एम, सी, जी अशी तीन स्मॉल अक्षरे लिहायला सांगतात, ते बहुधा अशाच गफलतींमुळे, आणि आता आम्हीही ग्राहकाला तोच आग्रह करतो.

युनिकोडच्या कोष्टकाच्या दृष्टीने पायथनचे वागणे बरोबर आहे. मायक्रोच्या चिन्हाचे कॅपिटल रूप म्हणून त्या कोष्टकात ग्रीक म्यूच दिलेला आहे. पण मापनाची एकके ही मुळात कॅपिटल करण्याची वस्तूच नव्हे. स्मॉल एम लावला तर मिलिवॉट आणि कॅपिटल एम लावला तर मेगावॉट. या दोघांमध्ये एकावर नऊ शून्ये एवढे अंतर आहे. आम्लता दाखवणाऱ्या पीएचमधला पी स्मॉलच हवा. ‘अपर’ला अक्षर कळते, त्या अक्षराचे तिथले काम कळत नाही, आणि ते कळावे अशी अपेक्षा करणेही रास्त नाही. मात्र दस्तऐवजात या एका चिन्हाविषयी ठळक इशारा असायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

याच जातीची आणखी एक अडचण संस्कृतच्या कामात येते, आणि पुण्यात ती इतर कोणत्याही गावापेक्षा अधिक येत असावी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून इथे आहे, डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचे काम कित्येक दशके चाललेले आहे, आणि संस्कृत मजकूर रोमन लिपीत लिहिणारे अभ्यासक आमच्यासारख्या छापखान्यांत येत असतात. त्यांच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबे देतात. या मजकुरावर ‘अपर’ उत्तम चालते: रेघ असलेला स्मॉल ए रेघेसह कॅपिटल होतो, खालचे टिंब खालीच राहते, एकही चिन्ह गळत नाही. शीर्षकपृष्ठांसाठी मी ती निर्धास्तपणे वापरते. दुसरी पद्धत हार्वर्ड-क्योटो या नावाने ओळखली जाते आणि ती साध्या कळफलकावर लिहिता यावी म्हणून केलेली आहे. तिच्यात स्मॉल ए म्हणजे अ आणि कॅपिटल ए म्हणजे आ; स्मॉल टी म्हणजे त आणि कॅपिटल टी म्हणजे ट; स्मॉल एन म्हणजे न आणि कॅपिटल एन म्हणजे ण. अशा मजकुरावर ‘अपर’ चालवली की ‘कमल’ आणि ‘कमाल’ एक होतात, ‘पत’ आणि ‘पट’ एक होतात, ‘मन’ आणि ‘मण’ एक होतात. न आणि ण यांच्या उच्चारावरून माणसाची पारख करणाऱ्या या शहरात तो भेदच पुसून टाकणारी यादी एखाद्या संस्कृतच्या अभ्यासकाच्या हाती देण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जर्मन पत्त्यांबाबतचा अनुभव चांगला आहे. चाकणच्या बाजूच्या कारखान्यांमुळे जर्मनीला जाणाऱ्या टपालाची लेबले आमच्याकडे अधूनमधून असतात. जर्मनमध्ये दोन एस मिळून होणारे एक जोडअक्षर आहे आणि ‘रस्ता’ या अर्थाच्या शब्दात ते येत असल्यामुळे पत्त्यांत ते सर्रास आढळते. पायथन त्याचे कॅपिटल रूप दोन कॅपिटल एस असे करते आणि जर्मनांच्या रूढ लेखनाप्रमाणे ते बरोबर आहे. या अक्षराचे स्वतंत्र कॅपिटल रूप युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि जर्मन शुद्धलेखनाच्या नियमांनी ते २०१७ साली मान्य केले. पण पायथन ते आपणहून वापरत नाही. आपल्याला लक्षात ठेवायचे ते एवढेच की इथे मजकुराची लांबी एका अक्षराने वाढते. लेबलच्या ओळीत किती अक्षरे मावतात हे आधी मोजून नंतर कॅपिटल केले, तर शेवटचे अक्षर कापले जाऊ शकते. म्हणून आधी कॅपिटल करावे आणि मग मोजावे. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात एफ आणि आय यांचा जोडखिळा एकच अक्षर म्हणून येतो, तिथेही हेच होते: ‘अपर’ त्याचे दोन सुटे कॅपिटल करून देते. ही मात्र मला मिळालेली भेटच वाटते, कारण एरवी असे जोडखिळे शोधून शोधून सोडवावे लागतात.

याच कुटुंबातल्या ‘टायटल’ या सोयीविषयी मला चांगले लिहिता येत नाही. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल आणि बाकीची स्मॉल करणे हे तिचे काम. लष्कर भागातल्या डिसूझा कुटुंबाचे नाव ती बरोबर लिहिते, कारण त्या नावात इंग्रजी डीनंतर येणाऱ्या वरच्या स्वल्पचिन्हानंतर (अपॉस्ट्रॉफी) ती नवा शब्द सुरू झाला असे मानते. त्याच कारणाने महिला महाविद्यालयाच्या इंग्रजी नावातला, स्वल्पचिन्हानंतरचा षष्ठीचा एस ती कॅपिटल करून ठेवते आणि ते फार ओंगळ दिसते. संस्थांची आद्याक्षरी नावे आणि नावापुढचे रोमन आकडे यांची तर ती मोडतोडच करते. मी ती वापरणे बंद केले आहे. शब्द फक्त मोकळ्या जागेवर तोडणारी ‘कॅपवर्ड्स’ ही सोय पायथनमध्येच आहे. स्वल्पचिन्हाची अडचण तिने सुटते, आद्याक्षरांची सुटत नाही.

नावे जुळवून पाहण्यासाठी, म्हणजे एकच व्यक्ती यादीत दोनदा आली आहे का हे शोधण्यासाठी, अनेक जण दोन्ही बाजूंना ‘अपर’ लावतात. मीही लावत असे. त्यासाठी २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून ‘केसफोल्ड’ ही वेगळी सोय उपलब्ध आहे आणि तीच वापरावी. यादी अकारविल्हे लावतानाही तिचाच उपयोग करावा, नाहीतर संगणक सगळी कॅपिटल अक्षरे स्मॉल अक्षरांच्या आधी मानतो आणि कॅपिटलने सुरू होणारे झेंडे स्मॉलने सुरू होणाऱ्या आपटे यांच्या आधी छापले जातात. मराठी नावांच्या जुळणीत मात्र ‘अपर’ आणि ‘केसफोल्ड’ दोन्ही निरुपयोगी आहेत. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन निरनिराळ्या प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते आणि दुसऱ्यात साध्या र ला हलंत व अदृश्य जोडचिन्ह लावलेले असते. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला दोन्ही वेगळे. मराठीची खरी अडचण ही आहे आणि तिच्यासाठी वेगळे नियम स्वतःच लिहावे लागतात.

इतर पर्यायांपैकी शंभर-दोनशे नोंदींसाठी एक्सेलमधले ‘अपर’ सूत्र पुरेसे आहे, आणि एखाद्या पानासाठी वर्डमध्ये शिफ्ट धरून एफ-३ दाबणे सर्वांत सोपे. जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत ही सोय संगणकाच्या भाषेच्या मांडणीवर अवलंबून राहते, त्यामुळे तुर्की मांडणीच्या संगणकावर स्मॉल आयचे कॅपिटल टिंबासह होते; पायथन असे कधी करत नाही आणि तोच प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर तेच उत्तर देतो. तुर्की मजकूर खरोखरच छापायचा असेल तर पायथन अपुरे पडेल, पण तशी वेळ आमच्यावर आलेली नाही. संकेतस्थळावर केवळ दिसण्यापुरते कॅपिटल हवे असेल तर मजकुराला हात न लावता, पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधून ते करावे, कारण तिथे साठवलेला मजकूर तसाच राहतो.

नावे, मथळे आणि पत्ते यांसाठी मी ‘अपर’ची निःशंक शिफारस करते. एकके, औषधांच्या मात्रा, हार्वर्ड-क्योटोतला मजकूर आणि जुन्या फाँटांतल्या फाइली यांच्या जवळपासही तिला फिरकू देऊ नये. आमच्या कामाच्या नोंदवहीत आता प्रत्येक रकान्यापुढे ‘कॅपिटल’ किंवा ‘जसेच्या तसे’ असे ग्राहकासमोरच लिहून घेतले जाते आणि त्यावर त्याची सही असते. जुना फाँट आणि मायक्रोचे चिन्ह शोधणारी चाळणी दहाबारा ओळींची आहे. ज्या छापखान्याला ती हवी असेल त्याला मी ती आनंदाने देईन, आणि काकांनी पकडलेल्या त्या तक्त्याचे प्रूफही दाखवीन, कारण ते आम्ही चौकट करून टेबलासमोरच्या भिंतीवर लावलेले आहे.